दंड भरून मोकळं होता येतं का? कलम ३०४-अ आणि माझी पावणेपाच वर्षं

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. त्या दिवशी सगळीकडे पहाटेच्या शपथविधीचीच चर्चा चालली होती. मी सकाळची शाळा करून माहेरी गेले होते. आईला दवाखान्यात दाखवून आणलं आणि संध्याकाळी एकटीच गाडी घेऊन निघाले. उसाचा हंगाम नुकता सुरू झाला होता. सातच्या सुमाराला, पूर्ण अंधार पडलेला असताना, समोरून उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली. ती बाजूने जाते न जाते तोच तिच्या मागून एक सायकल आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण धडक बसून गेली होती.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. त्या संध्याकाळपासून १३ ऑगस्ट २०२४ पर्यंत मी एका फौजदारी खटल्यात आरोपी होते. या काळात मला ज्या गोष्टी कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या, त्या इथे लिहून ठेवते आहे. गाव, पोलीस ठाणं, वकील आणि त्या कुटुंबाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही.

रस्त्यावर माणसं जमली. एक-दोघे आरडाओरडा करत होते. मागून आलेल्या जीपवाल्याने काही न विचारता मागचं दार उघडलं. मी सायकलवरच्या काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ग्रामीण रुग्णालयापर्यंत १४ किलोमीटर. वाटेत ते दोनदा म्हणाले, "माझी पिशवी." मी म्हटलं, "आहे, आहे." खरं तर पिशवी कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

रुग्णालयातूनच दिराला, सुनीलभाऊजींना, फोन केला आणि त्यांच्याबरोबर स्वतः पोलीस ठाण्यात गेले. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाची जबाबदारीच आहे. जमाव मारेल या भीतीने अनेकजण निघून जातात, ती भीती मला समजते. पण निदान जवळच्या ठाण्यात तरी जावं. पळून गेल्याचा डाग पुढे प्रत्येक कागदावर दिसत राहतो. माझं रक्त तपासणीसाठी घेतलं, लायसन्स जमा केलं. रात्री ठाण्यात बसवून ठेवलं नाही. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते, हे त्या रात्री कळलं. "उद्या दहाला या, कागद घेऊन या," असं सांगून सोडलं. मी रात्रभर जागीच होते.

रविवारी ठाण्यात फिर्याद वाचायला मिळाली. काकांच्या पुतण्याने दिलेली. कलमं होती भारतीय दंड संहितेची २७९, ३३७, ३३८ आणि मोटार वाहन कायद्याचं १८४. त्यात एक ओळ होती: "हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात." माझ्याबद्दल कुणी असं लिहिलेलं मी आयुष्यात प्रथमच वाचत होते. वाटलं, झालं, निकाल लागलाच. पुढे वकीलताईंनी सांगितलं, ही ओळ अपघाताच्या जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत असते. तो आरोप असतो, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची.

ही सगळी कलमं जामीनपात्र होती. म्हणजे जामीन हा हक्क, त्यासाठी कोर्टापुढे विनवणी करावी लागत नाही. कागदोपत्री अटक दाखवून ठाण्यातच पंधरा हजारांच्या जामिनावर सोडलं. भाऊजी जामीनदार झाले. त्यांचं आधार कार्ड, सातबारा आणि दोन फोटो लागले. माझा जबाब लिहून झाल्यावर सही करायला सांगितलं, तेव्हा भाऊजींनी कागद माझ्या हातात देऊन म्हटलं, "वहिनी, आधी वाचा." त्यात "माझ्याकडून चूक झाली" असं एक वाक्य होतं. मी तसं बोलले नव्हते. मी ते दाखवलं, त्यांनी ते काढलं. पोलिसांसमोर दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे मला नंतर समजलं. तरीही न वाचता सही करू नका.

मंगळवारी, २६ तारखेला, काका गेले.

शाळेत परिपाठ चालू होता तेव्हा फोन आला. मुलं प्रार्थना म्हणत होती आणि मी ऑफिसमध्ये कपाटाला धरून उभी होते. त्याच दिवशी कलमवाढ झाली: ३०४-अ, म्हणजे हयगयीने किंवा अविचाराने केलेल्या कृतीमुळे मृत्यू. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. "तीनशे चार" एवढाच आकडा ऐकून माझ्या नवऱ्याला वाटलं, सदोष मनुष्यवध लागला. तो वेगळा. त्यापुढचा 'अ' फार मोठा फरक करतो. ३०४-अ जामीनपात्र होतं, त्यामुळे पुन्हा अटक झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गटशिक्षण कार्यालयाला गुन्ह्याची लेखी माहिती दिली, पोच घेतली आणि सोबत फिर्यादीची प्रत जोडली. ती प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही मिळते. सहकारी म्हणाले, कशाला आपणहून सांगता? पण लपवल्याचा ठपका गुन्ह्यापेक्षा वेगळा आणि कधीकधी जास्त जड असतो. सरकारी सेवेत ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की माणूस निलंबित मानला जातो. मी त्यातून केवळ कलम जामीनपात्र होतं म्हणून वाचले. विमा कंपनीलाही त्याच आठवड्यात लेखी कळवलं. थर्ड पार्टी विमा चालू होता. तो संपलेला असता तर नुकसानभरपाईची सगळी रक्कम घर विकून भरावी लागली असती. हे वाचून झाल्यावर तुमच्या गाडीच्या विम्याची तारीख बघा, एवढी विनंती करते.

गाडी ठाण्याच्या आवारात होती. क्रेनचे २,५०० रुपये. आरटीओच्या निरीक्षकांनी ब्रेक तपासून अहवाल दिला: यांत्रिक दोष नाही. मला हे ऐकून बरं वाटलं होतं. वकीलताई म्हणाल्या, "दोष गाडीत नाही म्हटल्यावर तो चालकाकडे येतो, हे लक्षात ठेवा." गाडी परत मिळवण्यासाठी कोर्टात मुद्देमाल परत मागण्याचा अर्ज करावा लागला. तीन लाखांचा सुपुर्दनामा, त्यात गाडी विकणार नाही आणि रंग बदलणार नाही अशी हमी. १३ डिसेंबरला गाडी मिळाली. या अर्जाची फी ४,००० रुपये. गाडी घरी आली, पण मी ती दोन वर्षं चालवली नाही.

वकीलताई मला मैत्रिणीच्या ओळखीतून मिळाल्या. पहिल्या भेटीत त्यांनी फी सांगण्याआधी मला एक तास समजावलं. खटल्याची ४५,००० फी टप्प्याटप्प्याने द्यायची ठरली. पावती मागितली, त्यांनी आनंदाने दिली. ज्यांना एवढं परवडत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेल्यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक १५१००. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कोर्टाच्या व्हरांड्यात मी हे निदान पाच-सहा बायकांना सांगितलं असेल.

वकीलताईंनी कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. सरकारपक्षाने सिद्ध काय करायचं? एक, मी हयगयीने किंवा अविचाराने गाडी चालवत होते. दोन, मृत्यू थेट त्याच हयगयीमुळे झाला. नुसतं "गाडी माझी आणि माणूस गेला" एवढं पुरत नाही. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्याला लागलेल्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच हे सांगितलं होतं. तिथे मालक परवान्याच्या अटी मोडत होता, तरी मृत्यूचं निकटचं कारण वेगळं निघालं. आणि १९९८ च्या कर्नाटकातल्या एका निकालात, नुसतं "भरधाव" म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही, असं आहे. मी ते निकाल घरी आणून वाचले. भाषा अवघड होती, पण पहिल्यांदा वाटलं की मी कुठे उभी आहे हे मला दिसतंय.

मग मी विचारलं, "त्यांच्या घरच्यांना भेटून माफी मागू का?" त्या म्हणाल्या, "आत्ता नाही. ते साक्षीदार आहेत. तुम्ही माफी मागायला गेलात तरी साक्षीदार फोडायला गेलात असं म्हणता येईल." या संपूर्ण काळात मला सगळ्यात जड काय गेलं असेल तर हे. तारखा सोसता आल्या. जवळपास पाच वर्षं त्या घराच्या दिशेने न जाणं सोसवत नव्हतं.

दोषारोपपत्र फेब्रुवारी २०२० मध्ये दाखल झालं. मग टाळेबंदी आली. समन्स थेट जानेवारी २०२१ मध्ये हातात पडलं. बेलिफ शाळेत आले होते आणि मुलं खिडकीतून बघत होती. पहिल्या तारखेला दोषारोपपत्राची प्रत मिळाली. ती आरोपीला मोफत मिळते, त्यासाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात. ६२ पानं. फक्त वकिलावर सोपवू नका, स्वतः ओळ न ओळ वाचा. घटनास्थळ पंचनाम्याच्या नकाशात टायर घासल्याची खूण माझ्या डाव्या बाजूला, माझ्याच लेनमध्ये दाखवली होती. ही गोष्ट मला वाचताना दिसली, कारण मी त्या रस्त्यावर होते. पान २३ वर मी पेन्सिलीने चौकोन केला. मुद्देमालाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होतं: "एक निळी नायलॉनची पिशवी, आत खताच्या दुकानाची पावती व बिस्किटाचे दोन पुडे."

त्या पानावर मी बराच वेळ थांबले.

याच सुमाराला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. हा वेगळा खटला, दिवाणी स्वरूपाचा. कुटुंबाने भरपाई मागितली होती, प्रतिवादी मी आणि विमा कंपनी. पुष्कळांना वाटतं की भरपाई दिली की फौजदारी मिटतं. तसं होत नाही. ३०४-अ तडजोडपात्र नाही. कुटुंबाने माफ केलं तरी खालच्या कोर्टात तडजोड करून ते संपवता येत नाही. सप्टेंबर २०२३ च्या राष्ट्रीय लोकअदालतीत विमा कंपनी आणि कुटुंबाची तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. त्या संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला, कारण निदान एक गोष्ट त्यांच्या बाजूने झाली होती.

मार्च २०२२ मध्ये तो दिवस आला ज्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहिते आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचीच असल्यामुळे हा समन्स खटला. त्यात सविस्तर आरोपनिश्चिती नसते. न्यायाधीश आरोप वाचून सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" तारखेच्या आधी व्हरांड्यात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांच्या मुलाचंही असंच प्रकरण होतं. म्हणाले, "ताई, कबूल करा. थोडा दंड होईल, सुटाल. कशाला वर्षानुवर्षं चकरा मारता?" घरीही हाच सूर होता. आणि मला स्वतःला आतून कबूल म्हणावंसं वाटत होतं. माणूस गेला होता. माझ्या गाडीखाली गेला होता. "नाही" म्हणणं म्हणजे त्यांना नाकारणं, असं वाटायचं.

वकीलताईंनी मला चहाच्या टपरीवर बसवलं. म्हणाल्या, "तुम्हाला दुःख झालंय, ते खरं आहे. कोर्ट दुःखाबद्दल विचारत नाही. तुम्ही हयगयीने गाडी चालवली का, एवढंच विचारतंय. चालवली का?" मी विचार केला. वेग चाळीसच्या आसपास होता. दिवे डिपरवर होते. मी माझ्या बाजूला होते. मी म्हटलं, "नाही." "मग तेच उत्तर."

मग त्यांनी कबुलीचा अर्थ सांगितला. कबुली म्हणजे दोषसिद्धी. नुसता दंड झाला तरी कागदावर आपण दोषी. दंडच होईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही, कारण शिक्षा न्यायाधीशांच्या हातात. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हरियाणातल्या एका प्रकरणात बजावलं आहे की अशा अपघातांत चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडून देण्याचा सवलतीचा कायदा सहजासहजी लावू नये. सरकारी नोकराच्या बाबतीत दोषसिद्धीच्या आधारावर वेगळी चौकशी न करताही खात्याला कारवाई करता येते, अगदी बडतर्फीपर्यंत. पुढे चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट, मुलांच्या शिक्षणासाठी परदेशी व्हिसा, अशा अर्जांत दोषसिद्धीबद्दल विचारलं जाऊ शकतं आणि तिथे "होय" लिहावं लागतं. प्ली बार्गेनिंग नावाचा मार्गही आहे, त्यात शिक्षा कमी होऊ शकते, पण शेवट दोषसिद्धीतच होतो. ज्याने खरोखर हयगय केली आहे, दारू पिऊन चालवली आहे, त्याने जबाबदारी घेऊन कबुली द्यावी, हे मला मनापासून पटतं. पण चकरा चुकवण्यासाठी, समजून न घेता, "कबूल" म्हणू नये. आत गेल्यावर मी म्हटलं, "कबूल नाही." आवाज इतका बारीक निघाला की न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

एकूण ३१ तारखा झाल्या. प्रत्यक्ष काम झालं त्यातल्या नऊ तारखांना. बाकी वेळा साक्षीदार नाही, साहेब रजेवर, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात. ई-कोर्ट्स अॅपमध्ये खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. रोज रात्री बघायची सवय लावून घ्या. येता येणार नसेल तर हजेरी माफीचा अर्ज त्याच दिवशी कोर्टात गेला पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये परीक्षेमुळे मी गेले नाही आणि अर्ज द्यायचा राहून गेला. माझ्यावर अजामीनपात्र वॉरंट निघालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वतः हजर राहून ते रद्द करून घेतलं, ५०० रुपये भरले. पण ती एक रात्र मी नोव्हेंबर २०१९ मधल्या रात्रीसारखीच काढली.

एक पंच फितूर झाले, म्हणजे पंचनामा आपल्यासमोर झाला नाही असं म्हणाले. मला त्याचा आनंद झाला नाही, कारण टायरच्या खुणेची नोंद त्याच पंचनाम्यात होती. ती शेवटी तपासी अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीत सिद्ध झाली. ट्रॉलीच्या चालकाने सांगितलं की सायकल त्याच्या मागून अचानक वळली. पुतण्याने उलटतपासणीत मान्य केलं की धडक त्याने स्वतः पाहिली नव्हती. तो पिंजऱ्यातून उतरताना माझ्याकडे बघून गेला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. दमलेला होता, माझ्याइतकाच.

मधेच पासपोर्टचं. बहीण मस्कतला असते, तिचं ऑपरेशन होतं. खटला चालू असताना पासपोर्ट अडतो, पण कायमचा बंद होत नाही. १९९३ च्या एका अधिसूचनेप्रमाणे खटला चालू असलेल्या कोर्टाची परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. अर्ज केला, एक वर्षाचा मिळाला. माहिती लपवून अर्ज केला असता तर नवीन गुन्हा अंगावर आला असता.

जानेवारी २०२४ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे माझा, म्हणजे आरोपीचा, जबाब झाला. पुराव्यातला एकेक मुद्दा सांगून न्यायाधीश तुम्हाला काय म्हणायचंय ते विचारतात. शपथ नसते. बहुतेकजण प्रत्येक प्रश्नाला "खोटे आहे" म्हणतात. मी जिथे खरं होतं तिथे "खरे आहे" म्हटलं: गाडी मी चालवत होते, त्यांना मीच रुग्णालयात नेलं. शेवटी माझं म्हणणं चार ओळींत सांगितलं.

त्याच वर्षी १ जुलैला नवे कायदे लागू झाले. आता ३०४-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत व दंड. माझ्या घरच्यांचा धीर सुटला. पण गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवसाच्या कायद्याप्रमाणेच शिक्षा होते, नवी वाढीव शिक्षा मागे जाऊन लागत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या अपघातांना मात्र ही पाच वर्षं लागतील, म्हणून माझ्या अनुभवातले आकडे जसेच्या तसे धरू नका.

१३ ऑगस्ट २०२४, मंगळवार. दुपारी सव्वातीनला पुकारा झाला. "निर्दोष मुक्त." दोन वाक्यं, आणि पुढच्या खटल्याचा पुकारा. निर्दोष सुटल्यावरही सहा महिन्यांसाठी जामीनदारासह बंधपत्र द्यावं लागतं, सरकारने अपील केलं तर वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी. भाऊजी पुन्हा सातबारा घेऊन आले होते. नकलेचा अर्ज त्याच दिवशी दिला, अकरा दिवसांनी प्रत मिळाली. एक प्रत खात्याला दिली. एक लायसन्स परत घेण्यासाठी लागली, एक घरात. सगळा खर्च जोडला तर सत्तर हजारांच्या आसपास गेला.

निकालपत्राच्या शेवटी आदेश होता की मुद्देमाल क्रमांक ३, पिशवी, किंमतशून्य असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावी. मी वकीलताईंना विचारलं, त्यांनी सरकारी वकिलांना, आणि सरकारी वकिलांनी पुतण्याला कळवलं. त्याने पिशवी मिळण्यासाठी अर्ज केला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बंधपत्राची मुदत संपली. अपील झालं नव्हतं. त्या रविवारी मी आणि भाऊजी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी बसायला सतरंजी टाकली. मी त्यांना जीपमधलं सगळं सांगितलं, ते शेवटी काय म्हणाले ते सांगितलं. त्या उठून आत गेल्या आणि ती निळी पिशवी घेऊन आल्या. मुद्देमालाची चिठ्ठी अजून तिच्या बंदाला सुतळीने बांधलेली होती.